शुक्रवारचा रस्ता

येवला
१९ मे २०२४

चि. रूपास,
अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र चुलीत घालणार नाहीस, एवढ्याच आशेवर लिहितो आहे. फोनच केला असता. पण मागच्या वेळी माझा आवाज ऐकताच तू फोन शेजारच्या कुबराच्या हातात दिलास आणि ती बिचारी "दादा, वो बात नहीं करती, मी काय करू सांगा" म्हणत राहिली. लग्न लावून दिलं त्याचा राग तू आईच्या दहाव्याला काढलास आणि माझ्याशी अबोला धरलास, तो आजतागायत. त्या दिवशी आपण दोघं हाताच्या अंतरावर उभे होतो आणि मधे आपल्या चुलत भूपेशला घालून बोलत होतो. असो. तू बोलणार नाही म्हणाली होतीस, वाचणार नाही असं काही म्हणाली नव्हतीस.

कामाचं लिहितो. आपल्या दिशाला मुंबईला नोकरी लागली. विक्रोळीला एका मोठ्या कंपनीचं ऑफिस आहे, तिथे एक जुलैला हजर व्हायचं आहे. पहिले काही महिने कच्चे, काम पटलं तर कायम करतील. पोरगी हवेत आहे. आता राहायचं कुठे, यावरून घरात रोज सभा भरते. तिनं मोबाइलवर बघून ठाणे, कळवा, भांडुप, डोंबिवली अशी नावं काढली आहेत. तिची आई म्हणते, विक्रोळीच्या जितकं जवळ तितकं बरं. मी म्हटलं, आधी आत्याला विचारू. तिकडचं तिच्याइतकं कोणाला माहीत? तू सांगशील ते गाव. मी तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही, तिलाही जाऊ देणार नाही.

एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून बसतो, कुठली गाडी कुठे अडकली ते सगळ्या जगाला सांगतो, आणि स्वतःच्या मुलीचा रस्ता तुला विचारतो आहे. हसू नकोस. भिवंडी आणि आपलं पूर्णा गाव सोडून मला इतकी वर्षं झाली की आता तिकडचं मला काही म्हणता काही कळत नाही.

तुझा,
अनंतदादा

*

टेमघर, भिवंडी
२७ मे २०२४

अनंतदादा,

पत्र चुलीत घातलं नाही, कारण चूलच नाही. पॉवरलूमवरच्या कामगारांची खानावळ चालवते, दोन वेळा पंगती उठतात, त्याला गॅसच लागतो. हे तुला माहीत नसणार. आमचे हे गेल्यावर मी काय करते, कशी जगते, हे तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

अबोला आहे तो आहे. लिहायला तोंड उघडावं लागत नाही म्हणून लिहिते आहे, गैरसमज नको.

दिशाचं वाचून बरं वाटलं. मी तिला तिच्या बारशाला पाहिली ती पाहिली. आता गावांचं ऐक. ठाण्यात उंच उंच इमारती आणि शेजारी कोण राहतं ते कुणाला ठाऊक नाही. पोर तापानं फणफणली तरी कोणी दार वाजवायचं नाही. कळव्याला पाण्याची बोंब. भांडुपला खोल्या मिळतात त्या पार टेकडीवर, चढता चढता गुडघे बोलतील. डोंबिवलीचं काय सांगू, तिथे राहणारे स्वतःच सांगत असतात. हे सगळं सोडून सख्ख्या आत्याचं घर असताना पोरीनं परक्याच्या खोलीत का राहावं? माझ्याकडे वरची खोली रिकामी आहे. खायला गरम आहे, डोळ्यासमोर राहील, आणि तासाभरात विक्रोळी.

तास म्हटलं तर तुझा विश्वास बसणार नाही. मग पोरीलाच पाठव. सात जूनला ये म्हणावं. शुक्रवार आहे, माझ्या खानावळीला सुट्टी असते. मी स्वतः तिला सकाळच्या गाडीनं विक्रोळीला ऑफिसच्या दारापर्यंत नेते आणि परत आणते. स्वतःच्या डोळ्यांनी रस्ता बघू दे, मग तिनंच ठरवावं. आपण कशाला कोणावर लादायचं? लादणं वाईट, हे आपल्या घरात मला जितकं कळतं तितकं कोणाला कळत नाही.

रूपा

*

येवला
११ जून २०२४

चि. रूपास,
आशीर्वाद.

दिशा परत आली ती तुझंच नाव घेत. आत्यानं डाळीची आमटी काय केली, आत्या गाडीत खिडकीशी बसून प्रत्येक गोदाम कोणाच्या शेतावर उभं आहे ते कशी सांगत होती, पूर्ण्याला आपलं शेत होतं तिथे आता केवढी भिंत आहे, सगळं सांगून झालं. रस्त्याबद्दल तर म्हणाली, "बाबा, लोण्यासारखा! राहनाळ कधी गेलं आणि काशेळीचा पूल कधी आला, कळलंच नाही." तिच्या आईनं अजून थोडी कुरकुर केली, भांडुपचं काहीतरी म्हणत होती. दिशानंच तिला गप्प केलं. मी मध्ये पडलो नाही.

तर ठरलं. तीस तारखेला मी तिला आणून सोडेन. दारातूनच परत जाईन, तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही.

तू शुक्रवारी बोलावलंस हे फार बरं केलंस.

तुझा,
अनंतदादा

*

टेमघर, भिवंडी
४ ऑगस्ट २०२४

अनंतदादा,

आज रविवार. तुझी लेक वर झोपली आहे. दुपार झाली तरी उठलेली नाही, आणि मी तिला उठवलेलं नाही. आज तुला खरं खरं सगळं लिहिते. बस आणि वाच.

ती दिवस उजाडायच्या आत निघते. अंजूरफाट्यापर्यंत रिक्षा सरकत नाही, कारण पुढे सुताच्या गोण्यांचे टेम्पो, मागे कापडाच्या ताग्यांचे टेम्पो. तिथून पुढे राहनाळ ते पूर्णा गोदामांच्या तोंडाशी कंटेनर आडवे लागलेले, आणि मेट्रोच्या खांबांसाठी रस्ता खणून ठेवलेला. गाडी एका जागी उभी राहते आणि माणसं खाली उतरून चहा पिऊन परत चढतात. ठाण्याला पोचेपर्यंत पोरीचे पाय सुजतात. तिथून पुढे विक्रोळी. परत येताना पुन्हा तेच. परवा जेवताना घास हातात असताना डोळा लागला तिचा. रोज उशीर. साहेबांनी दोनदा बोलावून समज दिली, आणि आता स्पष्टच सांगितलं आहे: ऑगस्टभर वेळेत आलीस तर ठीक, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला.

आणि मला हे सगळं आधीपासून माहीत होतं, दादा. तिला शुक्रवारी बोलावलं ते माझ्या सुट्टीसाठी नाही. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद. सुताचा टेम्पो नाही, ताग्याचा टेम्पो नाही, कामगार अंथरुणात. भिवंडीचा रस्ता आठवड्यातून एकदाच रस्त्यासारखा दिसतो, आणि तोच तेवढा मी तुझ्या लेकीला दाखवला. भांडुपला कुबराच्या लेकीची, रमशाची, खोली आहे. रमशा तिथल्या दवाखान्यात नर्स आहे, चांगली सरळ पोरगी, आणि तिच्या खोलीत एका जणीची जागा मे महिन्यापासून रिकामी पडली आहे. भांडुपहून विक्रोळी म्हणजे हाकेच्या अंतरावर. हे मी मुद्दाम लिहिलं नाही. टेकडी लिहिली.

का, म्हणून विचारशील. लग्न लावून दिलंस म्हणून मी रुसले, असं तू इतकी वर्षं समजतोस. लग्नाचं मी कधीच गिळलं. मला ठाण्याच्या कंपनीत टायपिस्टची नोकरी लागली होती, आठवतं? हजर व्हायच्या दिवशी तू म्हणालास, चल, मी सोडतो गाडीवर. मी आईची अबोली साडी नेसले होते. काशेळीच्या पुलाच्या अलीकडे तू थांबलास. म्हणालास, पंक्चर झालं. मी रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहिले आणि तू पंक्चरवाला शोधायला गेलास तो गेलासच. पोचलो तेव्हा साहेब जेवायला उठले होते, आणि माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली होती. रडत घरी आले तर आई म्हणाली, "न्हाय झालं तर न्हाय, पोरीच्या जातीला कशाला हाय नोकरी?" मी तिच्यावर चिडले, तुझ्यावर नाही. तू बिचारा घामानं भिजला होतास ना!

आईच्या दहाव्याला भूपेशनं सांगितलं. दोन घोट पोटात होते म्हणून सांगितलं. "रूपे, चाक पंक्चर न्हवतं गं. त्यानंच हवा सोडली व्हती. मी समोरच्या टपरीवर बसलो व्हतो, तो पण येऊन बसला माझ्याजवळ. बिडी वढली आमी." मी उन्हात उभी होते, दादा, आणि तू सावलीत बिडी ओढत होतास.

तेव्हापासून मी वाट बघत होते. तुझं पत्र आलं आणि वाटलं, देवानं ताट वाढून समोर ठेवलं. रस्त्यानं माझं घेतलंस, रस्त्यानंच तुझ्या लेकीचं जाईल. महिनाअखेर ती रडत येवल्याला येईल, तेव्हा तिचा चेहरा नीट बघ. माझा तू बघितला नव्हतास.

फक्त एक लिहिते, कारण खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. पोरगी तक्रार करत नाही. आल्याबरोबर माझी भांडी घासायला बसते. "आत्या, तू होतीस म्हणून निभावलं," म्हणते. ते ऐकलं की मला जेवण जात नाही. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा डबा भरून तिला त्याच रस्त्यावर पाठवते.

रूपा

*

येवला
११ ऑगस्ट २०२४

चि. रूपास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मनावरचं ओझं उतरलं असेल तुझ्या, बरं झालं. भूपेश पहिल्यापासून तोंडाचा फाटका. पण आता तूही शांत झालीस, तर मीही मोकळेपणानं लिहितो. आपल्या दोघांत आता काय लपवायचं?

रूपा, मी भिवंडीत जन्मलो. शुक्रवारी लूम बंद असतात हे मी विसरेन असं वाटलं तुला? तुझं मे महिन्याचं पत्र वाचलं आणि शुक्रवार शब्दावर आलो, तेव्हा डेपोत एकटाच हसलो. कंट्रोलरच्या खुर्चीवर बसून काशेळीची कोंडी मी रोज ऐकतो. तू काय करते आहेस, हे मला तेव्हाच कळलं. म्हणून तर लिहिलं होतं ना, शुक्रवारी बोलावलंस हे बरं केलंस.

खरं म्हणजे तू हेच करशील म्हणूनच मी तुला विचारलं. दिशासाठी मी इथल्याच एका घरात शब्द देऊन बसलो आहे. मुलगा चांगला आहे, दुकान आहे, घर आहे. पण आताच्या मुलींना नाही म्हणता येत नाही. तिची आई तिच्या बाजूची. मी नको म्हटलं असतं तर ती नक्की गेली असती, आणि जन्मभर मला ऐकवत बसली असती. नाही म्हणणारा बाप मला व्हायचं नव्हतं. म्हटलं, जाऊ दे, बघू दे, थकून आपणहून परत येऊ दे. त्यासाठी गाव तेवढं योग्य हवं होतं, आणि योग्य गाव माझ्यावरच्या रागापायी तूच निवडशील, ही मला खात्री होती. तू माझं काम केलंस.

तुझं तेव्हाचंही भल्यासाठीच होतं, हे तुला आता पटेल. रोज तो रस्ता तुडवून तुला काय मिळालं असतं? बघतेस ना पोरीचे हाल?

महिनाअखेर ती परत आली की दिवाळीनंतर तिथी काढतो. तू मानानं ये. आत्याचा मान तुझाच. आणि आता फिट्टंफाट झाली आहे, तर या राखीपौर्णिमेला राखी पाठव. इतकी वर्षं माझं मनगट रिकामं आहे.

तुझा,
अनंतदादा

*

टेमघर, भिवंडी
१९ ऑगस्ट २०२४
राखीपौर्णिमा

अनंता,

आजपासून दादा नाही.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. वाचलं आणि मी खानावळीच्या मोरीत बसून राहिले. भात करपला. कामगार ताटं घेऊन बसलेले, "चाची, खाना?" विचारत राहिले. इतकी वर्षं मी तुझ्यासाठी सुरी धार लावून ठेवली, आणि ती तू हातात धरून माझ्याकडूनच पोरीवर चालवलीस. तेव्हा चाकातली हवा तू सोडलीस. या वेळी माझ्या हातानं सोडवून घेतलीस. आणि वर राखी मागतोस!

मग मी उठले, तोंड धुतलं आणि कुबराकडे गेले. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पागल झालीस का तू रूपा? पोरीने तेरा क्या बिगाडा हाय? अभी के अभी रमशाला फोन लाव." मी म्हटलं, थांब, आधी पोरीला सांगू दे.

दिशा घरी आली तेव्हा तिला जेवायला वाढलं, तिचं जेवण होऊ दिलं, आणि मग तुझं पत्र तिच्यासमोर मोठ्यानं वाचलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या मनगटापर्यंत. मग माझं सांगितलं. शुक्रवारचं सांगितलं, रमशाच्या खोलीचं सांगितलं, पंक्चरचं सांगितलं. काही गाळलं नाही. ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल. तिनं ताट उचललं, धुतलं, वर गेली आणि दार लावून घेतलं. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आपल्या घरची आहे ती, अबोला तिला शिकवावा लागला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन खाली आली आणि म्हणाली, "आत्या, भांडुपला सोडायला येतेस?"

गेलो. शनिवार होता. सगळे लूम चालू, सगळे टेम्पो रस्त्यावर. पूर्ण्याला आपल्या शेतावरच्या गोदामासमोर गाडी अडकली ती हलेना. मी तिला म्हटलं, हा बघ, हा खरा रस्ता. ती म्हणाली, माहीत आहे, दीड महिना बघते आहे. मग दोघी हसलो. कशाला हसलो कोण जाणे, पण खूप हसलो. शेजारची बाई बघायला लागली. काशेळीच्या पुलाच्या अलीकडे मी तिला ती जागा दाखवली. टपरी आता नाही.

रमशाची खोली टेकडीवर वगैरे काही नाही. मीच लिहिलं होतं खोटं. आज सकाळी ती ऑफिसात पोचली तेव्हा शिपाई अजून टेबलं पुसत होता, असं तिनं मला फोनवर सांगितलं.

तुला सूड म्हणजे काय ते कळायला हवं, म्हणून नीट लिहिते. मला वाटायचं तुझ्या लेकीची नोकरी गेली म्हणजे तुझा सूड. मी वेडी. तुझा सूड म्हणजे तिची नोकरी टिकणं. रोज सकाळी ती वेळेत खुर्चीवर जाऊन बसेल, आणि तू डेपोत बसून गाड्या मोजत राहशील. मी जिवंत असेपर्यंत तिच्या वाटेत कोणी खिळा टाकणार नाही, आणि टाकलाच तर आधी माझ्या पायात घुसेल. तू ज्या घरात शब्द दिलास तिथे जाऊन सांग, माझी बहीण आडवी आली. नाव घालून सांग.

राखी पाठवत नाही. राखी परवा भांडुपलाच दिशानं मागून घेतली माझ्याकडून. म्हणाली, मला भाऊ नाही, तर मला बांध. तिच्या मनगटावर बांधली आहे.

आता तुला पत्रही लिहिणार नाही. हे शेवटचं.

रूपा

*

८ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. न.

भांडुप एवढं तुम्हाला कळलं आहे; खोलीचा पत्ता वर लिहिलेला नाही, तो मुद्दाम. आईला ठाऊक आहे. तिला मी तुम्हाला सांगू नकोस म्हटलं आहे, आणि ती सांगणार नाही.

ऑगस्टअखेर साहेबांनी बोलावलं. मी आत गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "घर बदललं का?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, मग आता कामाचं बोलू. मी राहिले, बाबा.

तुमचं पत्र आत्यानं मला वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, ती खोटं वाचते आहे. मग मी हातात घेऊन स्वतः वाचलं. अक्षर तुमचंच होतं. तुम्ही मला सोडायला आलात त्या दिवशी दारातून वळताना माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, दमलीस तर सांग, न्यायला येईन. मी केवढी रडले होते गाडी दिसेनाशी होईपर्यंत. ते तुम्ही मनापासून म्हणाला होतात, हे मला आता कळलं, आणि त्याचाच मला राग येतो.

आत्यानं माझं वाईट केलं, हे मी विसरलेले नाही. पण तिनं ते माझ्या तोंडावर सांगितलं, आणि स्वतः बॅग उचलून मला इथे आणून सोडलं. तुम्ही अजून आईलाही काही सांगितलेलं नाही. मीच सांगितलं.

त्या मुलाच्या घरी मी स्वतः फोन करून नाही म्हटलं आहे. तुम्हाला नाही म्हणणारा बाप व्हायचं नव्हतं, तर नाही म्हणायचं काम मी केलं.

तुमचा फोन येतो तेव्हा मी तो रमशाच्या हातात देते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. यापुढेही मी तुमच्याशी बोलणार नाही. काही कळवायचं असेल तर पत्र लिहा. ते आत्याच्या पत्त्यावर पाठवा, टेमघरला. आधी ती वाचेल, मग मी. शुक्रवारी ऑफिस सुटलं की मी तिच्याकडेच जाते. शुक्रवारी तिकडचा रस्ता मोकळा असतो, तुम्हाला माहीतच आहे.

दिशा